चावी कोणाकडे आहे?

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारीही नाही. आज बोलायचंय बसायच्या जागेबद्दल. तुमच्या गावात किंवा तुमच्या बिल्डिंगमध्ये अशी कोणती जागा आहे, जिथे काहीही विकत न घेता, कोणालाही न विचारता तुम्ही तासभर बसू शकता? एपिसोड पॉज करा आणि आठवून बघा. मुलांना पटकन दोन-तीन जागा आठवतील. मुलींना जरा वेळ लागेल.

हा प्रश्न माझ्या मामेबहिणीचा. ती इंटिरियर डिझाइन शिकते. वाशिम जिल्ह्यातलं आसेगाव हे तिचं गाव, म्हणजे माझं आजोळ. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिच्या वर्गातल्या बहुतेकांनी कॅफे, सलून, को-वर्किंग ऑफिस असे विषय घेतले. हिने घेतली गावातली एक बंद पडलेली खोली. तिची करायची अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, जो जी तयारी करत असेल त्याच्यासाठी. आणि संध्याकाळी बाकीच्यांनाही टेकता येईल अशी.

घरचे म्हणाले, इंटिरियर म्हणजे सोफा, पडदे आणि पीओपीचं सिलिंग. गावात कसलं आलंय इंटिरियर?

तिने चित्र काढायच्या आधी काय केलं ते ऐका. काही दिवस ती नुसती बघत राहिली. गावात कोण बसतं आणि कोण उभं राहतं, एवढंच. पारावर, देवळाच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर पुरुष बसलेले. बाया मात्र उभ्या. नळावर उभ्या, दुकानात उभ्या, एसटीची वाट बघतानाही उभ्या. मी तिला विचारलं, तुला पारावर बसायला कोणी मनाई केलीय का? ती म्हणाली, "ताई, मले कोनी बसू नको म्हनत नाही. पन कोनी बस बी म्हनत नाही ना!"

मला वाटतं, सामायिक जागेचा सगळा अभ्यास या दोन वाक्यांत आहे. जागा सगळ्यांची आहे असं कागदावर लिहिलेलं असतं. पण तिथे कोण बिनधास्त बसू शकतं, हे वेगळंच काहीतरी ठरवतं. ओट्याची उंची, दिवा कुठे आहे, वाट कोणाच्या समोरून जाते, संडास आहे की नाही, या सगळ्या गोष्टी. आणि हे सगळं डिझाइनमध्ये येतं.

तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चार फोटो आहेत. मी तिला त्यांच्याबद्दल विचारलं, तेव्हा आमची मस्त दोन तास गप्पा झाली. थोडक्यात सांगते.

पहिला फोटो मुंबईच्या बीडीडी चाळींचा. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत एका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामायिक संडास. आता पुनर्विकासात तिथल्या लोकांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. ते मिळायलाच हवं; रांगेत उभं राहून दिवस सुरू करण्यात काही रम्य नाही. पण त्या चाळीचा पॅसेज हीसुद्धा एक खोली होती. मुलांचा अभ्यास, पापड वाळवणं, भांडणं आणि भांडणं मिटवणं, सगळं तिथेच. नव्या टॉवरच्या लिफ्टसमोरच्या जागेत हे होईल का? तिचा प्रश्न असा, की घर मोठं करताना पॅसेजचं काम कोण करणार?

दुसरा फोटो नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचा. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत आखली. साधारण ८ बाय ८ मीटरचं एक अंगण आणि त्याच्याभोवती ७ घरं. अशी तीन अंगणं मिळून आणखी एक मोठं अंगण. मुद्दा हा, की अंगण लहान आहे म्हणून ते कोणाचं आहे हे सगळ्यांना कळतं. ७ घरांच्या अंगणात अनोळखी माणूस लगेच दिसतो, आणि लहान पोरगं एकटं खेळू शकतं.

तिसरा फोटो इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीचा. बाळकृष्ण दोशी यांचं काम, १९८९ चं. दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले, फर्निचर बनवणाऱ्या कुटुंबात. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. अरण्यमध्ये गरीब कुटुंबांना प्लॉट, जोतं, संडास-न्हाणीची सोय दिली आणि बाकीचं घर ऐपतीप्रमाणे वाढवायची मोकळीक. घरापुढचा ओटा तिथे महत्त्वाचा. ओटा अर्धा घराचा, अर्धा रस्त्याचा. बाईला घरात राहूनही रस्त्यावर बसता येतं!

चौथा माझा आवडता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगावची माया सोमय्या लायब्ररी, शाळेच्या आवारातली. समीप पडोरा यांच्या ऑफिसने केलेली, २०१८ ची. पातळ विटांची लाटेसारखी कमान, आणि ती जमिनीपासूनच वर चढते, त्यामुळे मुलं छतावर चालत जातात. खाली वाचा, वर पळा. कमानीचा आकार राइनोव्हॉल्ट या सॉफ्टवेअरच्या मदतीने शोधला, झ्युरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी बनवलेलं आहे ते. मी इंजिनियर असल्यामुळे त्यातच अडकले. बहीण म्हणाली, सॉफ्टवेअर सोड, मुलांना आत या असं कोणी सांगावं लागत नाही, ते बघ.

आता तिची खोली. बाहेरच्या भिंतीला लांबच लांब ओटा, ४५ सेंटिमीटर उंच, म्हणजे आजीलाही उठता-बसता येईल असा. वर पत्र्याची सावली, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. आत ७५ सेंटिमीटर उंचीची टेबलं. वाचायला टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड हवा. फोनमध्ये लक्स मोजायचं ॲप टाकून तुम्हीही अंदाज घेऊ शकता. खिडक्या रस्त्याकडे, म्हणजे आतलं बाहेर दिसतं आणि बाहेरचं आत. संडास खोलीला लागूनच. आणि खोलीपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेवर दिवा. हा दिवा खोलीच्या बाहेर आहे, पण तिच्या प्लॅनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर आहे.

गावात तिने प्लॅन दाखवला तेव्हा काही वडीलधारे म्हणाले, मुलींसाठी वेगळी खोली कर, म्हणजे प्रश्नच मिटला. म्हणणं काळजीपोटीच होतं. काही मुलींनाही तेच बरं वाटलं, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. बहिणीने मात्र एकच विचारलं: त्या खोलीची चावी कोणाकडे राहील? कोणी बोललं नाही. कारण वेगळी खोली म्हणजे कुलूप, आणि कुलूप म्हणजे रोज कोणाला तरी "उघडून देता का?" असं विचारणं. आमच्या क्षेत्रात याला ॲक्सेस म्हणतात. सिस्टिम कितीही भारी बनवा, परवानगी एकाच माणसाच्या हातात असेल तर ती सिस्टिम त्या माणसाची. तिच्या प्लॅनमध्ये आता ओट्याला कुलूपच नाही, आणि खोलीच्या चाव्या तीन. त्यातल्या दोन अभ्यास करणाऱ्या मुलींकडे.

हे सगळं अजून कागदावर आहे, बरं का. पैसे नाहीत, मंजुरी नाही. आणि तिच्या डोक्यात दुसरंच टेन्शन आहे: पोर्टफोलिओत कॅफेचे चकचकीत रेंडर असलेल्यांना नोकरी आधी मिळते. तिने मला विचारलं, विषय बदलू का? तुझी नोकरी पक्की, असं मी म्हणू शकत नाही. पण एवढं म्हणाले, की कॅफे करणारे खूप आहेत. कोण उभं आहे हे बघून मग पेन्सिल उचलणारे फार थोडे. तिने विषय बदललेला नाही, निदान आजपर्यंत तरी.

तर तुमच्यासाठी काम. गावातली किंवा सोसायटीतली एक सामायिक जागा निवडा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री तिथे जा. माणसांचे फोटो काढू नका. कोण बसलंय आणि कोण उभं आहे, एवढंच नोट्समध्ये लिहा. आणि चावी कोणाकडे आहे, तेही. मग मला पाठवा. बोलू या त्यावर. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!