राणीच्या बागेतला उशीर



मुंबईत भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पण टॅक्सीवाल्याला एवढं लांबलचक नाव सांगायची गरज पडत नाही. 'राणीची बाग' म्हटलं की काम भागतं. १८६२ साली ही बाग लोकांना खुली झाली. तेव्हापासून तिथं दोन प्रकारची माणसं येत आली आहेत. एक, वर्षातून एकदा मुलाबाळांना घेऊन, डबा बांधून येणारी. दुसरी, रोजच्या रोज येणारी. या दुसऱ्या जातीत माझी गणना होते. सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी तासभर मी तिथं फिरतो, आणि फिरून झालं की आमची चारपाच जणांची बैठक एका बाकावर बसते. त्या बाकावर गेली काही वर्षं जे बोललं जातं, ते आज तुम्हाला सांगावं म्हणतो.

बोलण्याचा विषय बहुधा एकच : बागेतले बदल आणि त्यांना लागणारा उशीर.

आमच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. वेळापत्रक हा त्यांचा जन्माचा धर्म. ते म्हणतात, "मास्तर, गाडी लेट असेल तर असू द्या. पण किती लेट ते फलाटावर सांगाल की नाही?" त्यांचा रोख असतो सिंहावर. २०१४ साली इथला शेवटचा सिंह गेला आणि पिंजरा ओस पडला. पुढे गुजरातमधून सिंह आणायचे आणि बदल्यात झेब्रे द्यायचे, असं ठरल्याचं आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. झेब्रे तरी आपल्याकडे कुठले? ते परदेशातून यायचे. म्हणजे झेब्रे येतील तेव्हा सिंह येणार! परदेशी जनावर आणायचं तर रोगराईच्या तपासण्या, परवाने, विलगवास. एक दोरा अडकला की सगळं विणकाम अडकतं, तशातली गत झाली.

इथं थोडं कायद्याचं सांगायला हवं. पूर्वी संस्थानिक एकमेकांना वाघ नजर करीत, तसं आता चालत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. एका प्राणिसंग्रहालयातून दुसरीकडे असा प्राणी न्यायचा तर या प्राधिकरणाची मंजुरी लागते. आणि जनावराला राहायला पुरेशी, योग्य जागा आहे की नाही, हेही पाहिलं जातं. हे नियम लोकांना छळण्यासाठी केलेले नाहीत. आम्ही लहानपणी पाहिलेले ते गजांचे पिंजरे आठवा. चार पावलं पुढं, चार पावलं मागं, दिवसभर येरझारा घालणारं जनावर आठवा. नियम त्याच्यासाठी झाले.

आमच्या बाकावर एक आजीबाईही येतात, लालबागच्या. त्यांची तक्रार उलटी आहे. त्या म्हणतात, "अहो, आता मोठमोठ्या जागा केल्यात, काचा लावल्यात, पण बिबळ्या दिसतो कुठं? नातवाला तासभर उभं केलं, नुसती झाडं बघितली." मी त्यांना म्हटलं, "आजी, बिबळ्या दिसला नाही याचा अर्थ त्याला लपायला जागा मिळाली." आजींना हे पटलं असं नाही. त्या म्हणाल्या, "मग तिकीट कशाचं घेता?"

तिकिटाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये पडत. ते एकदम पन्नास झाले. आईबाप आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर. निमित्त झालं पेंग्विनचं. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियाहून आठ पेंग्विन आले. त्यांतली एक मादी त्याच ऑक्टोबरात दगावली आणि मोठा गहजब झाला. २०१७ च्या मार्चमध्ये उरलेले सात लोकांना दाखवायला सुरुवात झाली. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथली जमीन रखरखीत, पण शेजारून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. तो गारवा मुंबईच्या मे महिन्यात रात्रंदिवस राखायचा म्हणजे खर्च आलाच.

पण पाच रुपयांचा हिशेब माझ्या मनात वेगळा आहे. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि आमच्या घरातला पगार थांबला तो थांबलाच. त्या पडत्या वर्षांत आम्हा भावंडांना न्यायला परवडेल अशी एकच जागा त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे राणीची बाग. परळहून चालत जायचं, चालत यायचं. सिंहासमोर आम्हाला उभं करून ते मागं थांबत. सिंह ओरडला की आम्ही त्यांच्या पायाला मिठी मारायचो. घरी काय चाललंय याची त्या घटकेला आम्हाला शुद्ध नसे. मला वाटतं, त्यांनाही नसावी. म्हणून तिकीट ठरवणाऱ्यांनी त्या पायी येणाऱ्या बापाचा विचार जरूर करावा.

आता उशिराबद्दल न्यायाने बोलायचं तर घाईचीही दुसरी बाजू आहे. २००७ च्या सुमारास या बागेचा कायापालट करण्याची एक भव्य योजना पुढं आली होती. पुष्कळ नागरिकांनी तिला विरोध केला, कारण ही नुसती जनावरांची बाग नव्हे. ती झाडांची बाग आधी आहे. इथली गोरखचिंच, इथली उर्वशी, शंभर वर्षांहून जुने वृक्ष : ते तोडले तर कुठल्या देशातून मागवणार? तो वाद लांबला आणि झाडं राहिली. तेव्हा तो उशीर फळला म्हणायचा. पुढं २०२० साली आत फिरून पाहता येईल असं मोठं पक्षिगृह उघडलं, त्याच वर्षी संभाजीनगरहून वाघांची जोडी आली. आणि पाठोपाठ कोरोनाने दरवाजे बंद केले! त्याला कोण काय करणार?

बागेत उशिराची परंपरा तशी जुनीच आहे. घारापुरीचा दगडी हत्ती तुम्ही पाहिला असेल. तो फुटून इथं आला १८६४ साली. त्याचे तुकडे जोडून तो उभा राहिला १९१४ साली. पन्नास वर्षं! पण तो दगडाचा. त्याला थांबायला काय झालं?

माणसाचं तसं नसतं. माझी मुलगी पहिलीत होती त्या वर्षी सिंह गेला. माझ्या वडिलांनी तिला शब्द दिला होता, "नवा आला की तुला मीच दाखवीन." मुलगी आज कॉलेजात आहे. वडिलांनी ऐंशी ओलांडली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी समोरचं अंधुकच दिसतं. परवा मला म्हणाले, "सिंह आला तर सांग रे. दिसला नाही तरी ऐकू येईल." कागदावर दहा वर्षांचा उशीर ही एक ओळ असते. सहा वर्षांच्या पोरीला आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला तो उशीर नसतो. त्यांची पाळी चुकलेली असते.

तेव्हा आम्हा बाकावरच्या मंडळींचं मागणं फार मोठं नाही. घाई करा असं आम्ही म्हणत नाही. घाईने आणलेलं जनावर मेलेलं आम्हाला बघवणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की दरवाज्यापाशी मराठीत एक मोठी पाटी असावी. कोणतं काम चालू आहे, ते कशासाठी अडलं आहे आणि साधारण कधी पुरं होईल, एवढ्या तीन गोष्टी तिच्यावर लिहाव्यात. तारीख चुकली तर खोडून नवी घालावी, आणि का चुकली तेही खाली लिहावं. लोक समजून घेतात. आमचे रेल्वेवाले तर म्हणतात, पाटी पुसायचं काम रोज सकाळी ते स्वतः करतील.

आणि सिंह आलाच, तर ती बातमी मला आधी परळला पोचवायची आहे.