गाडीच्या तोंडाशी बसवायची जाळी



एप्रिल-मे महिन्यात एसी दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो. "एसी गार करत नाही हो." "गॅस गेलाय, भरून देतो." गॅस भरला जातो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच रडगाणं. आता एसीतला गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, तेवढंच. महिन्याभरात तो नाहीसा होत असेल, तर त्याला कुठेतरी वाट सापडलेली आहे हे नक्की. चांगला मेकॅनिक अशा वेळी गॅसच्या टाकीला हात लावण्याआधी गाडीपुढे उकिडवा बसतो, बंपरच्या खालच्या तोंडातून बॅटरीचा उजेड मारतो आणि कंडेन्सरवर तेलकट डाग दिसतो का ते पाहतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं फिरत असतं. भोकातून गॅस सुटला की ते बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि रुपयाएवढा काळा, ओलसर ठिपका तयार होतो. त्या ठिपक्याच्या मधोमध चार-दोन चेपलेल्या फिन्स दिसल्या, तर समजायचं की इथे दगड लागलाय.

आज बोलायचं आहे ते या दगडाबद्दल आणि त्याला अडवणाऱ्या जाळीबद्दल.

एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत ग्रिलच्या मागे पहिला लागतो कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, मग पंखा. टर्बो इंजिन असेल तर इंटरकूलरही बऱ्याचदा याच भाऊगर्दीत, कधी कधी अगदी खाली असतो. कंडेन्सरला पुढची जागा मिळते, कारण त्याला सगळ्यांत गार हवा लागते. कॉम्प्रेसरने दाबून तापवलेला गॅस त्याच्यात निवतो आणि त्याचा द्रव होतो. उन्हाळ्यात तिथला दाब १५ बारच्या घरात जातो. तुमच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, म्हणजे हा दाब टायरच्या सहा-सातपट. आणि तो पेलते कोण, तर ॲल्युमिनियमची एक चपटी नळी, जिची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. दोन नळ्यांच्या मध्ये नागमोडी दुमडलेली ॲल्युमिनियमची पट्टी असते, त्याच फिन्स. त्या तर नखाने दाबल्या तरी वाकतात. इतकं नाजूक काम कंपन्या हौसेने करत नाहीत. धातू पातळ ठेवला की तेवढ्याच जागेत उष्णता टाकणारा पृष्ठभाग जास्त बसतो, हवेला वाट राहते आणि वजनही वाचतं.

रेडिएटर मागे असल्यामुळे त्याच्या वाटचा बराचसा मार कंडेन्सरच खातो. हे एका परीने बरंच आहे. कंडेन्सर फुटला तर घाम गाळत का होईना, घरी पोचता येतं. रेडिएटर फुटला तर गाडी जागीच उभी करावी लागते, आणि तापमानाच्या दिव्याकडे काणाडोळा करून तशीच दामटली तर हेड गॅस्केटपासून खर्चाची सुरुवात होते.

दगडाची ही अडचण काही आजची नाही. १९२३ साली फ्रान्समध्ये ल मां इथे २४ तासांची पहिली मोटारशर्यत झाली. रस्ता कच्चा, खडीचा. जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट यांच्या बेंटलीचा एक हेडलाइट दगडाने फुटला आणि पुढे आणखी एका दगडाने पेट्रोलच्या टाकीलाच भोक पाडलं. पेट्रोलचे डबे घेऊन क्लेमंटला सायकलवरून गाडीपर्यंत जावं लागलं. पुढच्या वर्षी हीच जोडी परत आली ती दिव्यांवर तारेची जाळी लावून आणि टाकीला चटईचं वेष्टण घालून, आणि शर्यत जिंकली. जिंकण्याचं सगळं श्रेय जाळीला देणं भाबडेपणाचं होईल, कारण मधल्या काळात गाडीला पुढच्या चाकांचे ब्रेकही आले होते. पण त्या काळातल्या शर्यतीच्या बेंटलींचे फोटो पाहिलेत, तर रेडिएटरपुढे तारेची जाळी ताठ उभी दिसेल.

आपल्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. गावातला कुठलाही ट्रॅक्टर बघा. रेडिएटरच्या पुढे सरकवून बाहेर काढता येणारी एक जाळी असते. मळणीच्या दिवसांत तिच्यावर भुसा असा काही बसतो, की ड्रायव्हर दिवसातून अनेकदा ती काढून आपटून साफ करतो. हे "काढून आपटणं" लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता दगडाचा हिशेब. आपल्याकडची खडी म्हणजे काळा पाषाण, जड आणि धारदार. बांधकामाची जी २० मिलिमीटरची खडी म्हणतात, तिचा एक दाणा दहा-बारा ग्रॅमचा भरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने तो तुमच्या गाडीला भेटला, तर एक किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून पाडल्यावर जेवढा दणका बसेल तेवढा बसतो, आणि तोही दगडाच्या एका टोकावर. वेग निम्मा केला की दणका चौथा हिस्सा राहतो. दाण्याचा आकार निम्मा झाला, म्हणजे १० मिलिमीटरची खडी असली, तर वजन आठवा हिस्सा, दणकाही आठवा हिस्सा. त्याच्याखालची चुरी, कच वगैरे फार तर फिन्स वाकवते, नळीला भोक पाडायची ताकद तिच्यात क्वचितच असते.

म्हणजे जाळीने अडवायची ती खडी. चुरी खुशाल आत जाऊ दे. मला या विषयात सांगायचंय ते मुख्यतः एवढंच, कारण लोक नेमकं उलटं करतात. जाळी जितकी बारीक तितकी गाडी सुरक्षित असं गृहीत धरून खिडकीला लावायची डासांची जाळी आणतात आणि कंडेन्सरवर ताणून बसवतात. दिसायला फार नीटनेटकं दिसतं. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी दिव्यांवर झेपावणाऱ्या पंखवाल्या वाळवीच्या थव्यातून गाडी गेली, की त्या जाळीची भिंत होते. मग एसी गार होईना, पंखा थांबेना आणि घाटात तापमानाचा दिवा लागतो. कंडेन्सर दगडापासून वाचवला आणि हवेवाचून मारला.

माझ्या मते पाच ते सहा मिलिमीटर भोकाची, साधारण एक मिलिमीटर तारेची जाळी पुरते. गणित सोपं आहे. सहा मिलिमीटर भोक आणि एक मिलिमीटर तार म्हणजे दर सात मिलिमीटरमागे सहा मोकळे. दोन्ही बाजूंनी धरलं तर शेकडा ७३ भाग जागा मोकळी. त्याचा अर्थ हवा २७ टक्क्यांनी घटते असा नाही. हवेला खरा अडथळा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या दाट फिन्सचाच असतो, स्वच्छ जाळी त्यात थोडीच भर घालते. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डेड, विणलेली आणि पत्रा ताणून केलेली शंकरपाळ्याच्या भोकांची, अशा सगळ्या जाळ्या मिळतात. स्टेनलेस स्टीलची घ्यावी, किंवा ॲल्युमिनियमची काळा पावडर कोट केलेली. साधी लोखंडी घेतली तर दोन पावसाळ्यांत बंपरवर गंजाचे ओघळ येतात.

कुठे बसवायची हे जास्त महत्त्वाचं. हल्लीच्या गाड्यांचं वरचं ग्रिल भलं मोठं दिसतं, पण पुष्कळदा त्याचा बराच भाग बंद प्लास्टिकचा असतो. खरी हवा आणि खरा दगड येतो नंबर प्लेटच्या खालच्या रुंद तोंडातून, जे रस्त्याला अगदी जवळ असतं. बॅटरी मारून बघा, जिथून कंडेन्सर उघडा दिसतो तेवढंच तोंड झाकायचं. जाळी ग्रिलच्या पाठीमागे, प्लास्टिकच्या पट्ट्यांना काळ्या केबल टायने बांधायची. बंपर उतरवून केलं तर काम साफ होतं. कडा दुमडून घ्यायच्या, नाहीतर गाडी धुताना बोटं कापतात. आणि जाळी कंडेन्सरला कुठेही टेकता कामा नये. टेकली तर गाडीच्या थरथरीने तार फिन्सवर घासत राहते, आणि दगडाने जे केलं नसतं ते तुमची जाळीच हळूहळू करून ठेवते. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर दुहेरी धोका. खारट ओल असताना स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमला चिकटून राहिलं, की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. दोन बोटांचं अंतर हवंच.

हल्लीच्या काही गाड्यांमध्ये पुढच्या वाहनाचं अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. तिचा रडार बऱ्याचदा ग्रिलच्या मधोमध, कंपनीच्या चिन्हामागे किंवा खालच्या तोंडात बसवलेला असतो. धातूच्या जाळीतून त्याच्या लहरी नीट जात नाहीत. तेवढा भाग मोकळा सोडायचा. कुठला ते गाडीच्या पुस्तकात बघा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. अंदाजाने कापाकापी नको.

काही जण म्हणतील, जाळीची भानगड कशाला, पुढे जाड लोखंडी गार्डच बसवू. तो उद्योग करू नका. असे क्रॅश गार्ड बेकायदा आहेत, २०१७ साली केंद्र सरकारने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. शिवाय गार्डच्या दोन नळ्यांमधून २० मिलिमीटरची खडी निवांत आत जाते.

आता ट्रॅक्टरवाल्याकडे परत. त्याची जाळी सरकवून निघते, आपली निघत नाही. म्हणून पाण्याच्या पाइपने महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला ती धुवायची. साधा बागेचा पाइप पुरतो. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा नोझल जवळून मारू देऊ नका. पाणी जाळीतून आरपार जातं आणि मागच्या फिन्स आडव्या होतात. आडव्या झालेल्या फिन्समधून हवा जात नाही, आणि त्या एकेक सरळ करायला बारीक दातांची फणी घेऊन बसावं लागतं.

जाळीला न जमणाऱ्या गोष्टीही आहेत. जुन्या कंडेन्सरला आतून-बाहेरून गंज लागून पडणारी भोकं ती थांबवत नाही. मोठा दगड, तुटलेल्या टायरचा पट्टा, रस्त्यावर पडलेली सळई यांच्यापुढे ती वाकते. पुण्याजवळच्या वाघोली, मोशीच्या खाणींकडून खडी भरून निघालेला, ताडपत्री न टाकलेला डंपर पुढे असेल, तर सगळ्यांत चांगली जाळी म्हणजे अंतर. सुरक्षितपणे पुढे जाता आलं तर जा, नाहीतर वेग कमी करून त्याला लांब जाऊ द्या. नव्याने बारीक खडी टाकलेल्या रस्त्यावर ताशी ३०-४०च्या पुढे जाऊच नका. काच, रंग आणि कंडेन्सर तिन्ही वाचतात.

जाळीची एक परीक्षाही घ्या. जाळी बसवण्याआधी, भर दुपारी एसी चालू ठेवून सिग्नलला दहा मिनिटं थांबावं लागतं अशा रस्त्यावरून आणि मग एखाद्या घाटातून, कसारा म्हणा, खंबाटकी म्हणा, गाडी नेऊन बघा. एसीच्या झरोक्यात साधा थर्मामीटर धरून आकडा लिहून ठेवा. जाळी लावल्यावर तशाच उन्हात तोच रस्ता पुन्हा करा. घाटात गाडी सावकाश आणि इंजिन ताणलेलं असतं, हवा ओढायचं काम जवळजवळ एकट्या पंख्यावर येतं, त्यामुळे अडथळा असेल तर तो तिथेच उघडा पडतो. एक-दोन अंशांचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त पडला किंवा पंखा न थांबता ओरडायला लागला, तर केबल टाय कापून जाळी उतरवा आणि थोड्या मोठ्या भोकांची आणा.