सायकलची मान



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय बोलून झाले आहेत. सायकलच्या मानेवर मात्र कोणी बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मान म्हणजे हँडलखाली चिमट्याची दांडी फ्रेमच्या नळीत फिरते तो सांधा. वर एक वाटी, खाली एक वाटी आणि दोन्हींत पोलादी छर्रे. पुस्तकात याला हेडसेट म्हणतात. आपण नुसते हेड म्हणू.

आम्ही कामगार संघटनेची माणसे. आमचे शिक्षण वर्कशॉपात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पहिल्या पाळीला सायकलवर येणारे पहारेकरी, सफाई कामगार, कंत्राटी मजूर आजही आहेत. त्यांची एक तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो: गाडी सरळ चालत नाही, झुलते. सायकलचा तोल राहतो तो हँडलच्या बारीक बारीक हालचालींनी. स्वाराला त्या जाणवतही नाहीत. हेड अडखळू लागले की त्याच हालचाली हिसक्याहिसक्याने होतात. मागून ट्रक येत असला तर वीतभर झुलणेही पुरते.

तपासणीला हत्यार लागत नाही. पुढचा ब्रेक दाबून धरा, एक बोट खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवा आणि गाडी मागेपुढे हलवा. बोटाला खटका लागला तर हेड सैल आहे. मग पुढचे चाक जमिनीवरून उचला आणि हँडल एका बोटाने सावकाश फिरवा. चाक सरळ येताच ते खाचेत बसल्यासारखे अडले, तर वाटीत खळगे पडले आहेत. एकाच बाजूला घट्ट होत असेल, तर वाटी तिरकी बसली असेल किंवा दांडी वाकली असेल. तिथे ग्रीसचा उपयोग नाही.

खळगे दाखवून दुकानदार म्हणतो, "खड्ड्यांतून गाडी आदळलीत, दोष तुमचा." गरीब माणूस मुकाट्याने ऐकून घेतो. पोलादाचे काठिण्य मोजण्यासाठी त्यात छर्रा दाबण्याची रीत योहान ब्रिनेल या स्वीडिश इंजिनिअराने १९०० साली मांडली. त्यांच्यावरून अशा खळग्यांना ब्रिनेलिंग म्हणण्याचा प्रघात पडला आणि खळगा म्हणजे आघात, अशी समजूत रूढ झाली. परंतु अमेरिकेत रेल्वेने दूरवर पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांतही असेच खळगे सापडत. त्या रस्त्यावर धावल्याच नव्हत्या. वाघिणीत उभ्या उभ्या थरथरल्या होत्या. आल्मेन या इंजिनिअराने १९३७ साली याचा उलगडा मांडला. सायकलच्या हेडलाही तोच न्याय लागतो, हे पुढे जोब्स्ट ब्रँट या इंजिनिअराने आग्रहाने सांगितले.

सरळ रस्त्यावर हेड जवळजवळ फिरतच नाही. छर्रा एकाच जागी थरथरतो, त्याखालचे ग्रीस बाजूला सरते आणि नवे आत येत नाही. मग पोलाद पोलादाला घासते, कण सुटतात, खळगा होतो. चाकाच्या हबालाही हादरे बसतातच. पण तिथे छर्रे फिरतात, ग्रीस पसरत राहते, म्हणून असे खळगे पडत नाहीत. (एका जागी बसून झिजलेली माणसे आम्ही संघटनेतही पाहिली आहेत, पण तो आजचा विषय नव्हे.) सैल हेडवर हादरे बसले तर ते लवकर बिघडते, हे खरे, पण सारा दोष स्वाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

उपाय असा. खाली फडके अंथरून हेड उघडा. वरचे आणि खालचे छर्रे वेगळे मोजून ठेवा. सर्व रॉकेलने धुऊन पुसा. खळगे खोल असतील तर वाट्या बदला, आणि त्या बसवताना लाकडाचा ठोकळा ठेवून सरळ ठोका. खळगे उथळ असतील तर एक युक्ती आहे: छर्रे पिंजऱ्यातले असतील तर तो पिंजरा काढून सुटे छर्रे भरा. त्यांची संख्या बदलते, त्यामुळे सगळे एकदम जुन्या खळग्यांत बसत नाहीत. छर्रे नवेच घ्या. मापासाठी जुना बरोबर न्या. साध्या गाडीला बहुधा ५/३२ इंचाचा लागतो. वाटी भरली की एक काढून घ्या, आणि ग्रीस मात्र हात राखून भरू नका.

खरे कसब शेवटी आहे. वरची आटे असलेली वाटी हाताने आवळा, खटका गेला की थांबा. वरचे नट घट्ट करताना ती वाटी फिरते, म्हणून तिला दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे लागते. मग पुन्हा तपासा; बहुधा पुन्हा सोडून पुन्हा बसवावे लागेल. एवढ्याला तासभर सहज जातो. छर्रे आणि ग्रीस यांचे पैसे थोडे. लागतात ते या तासाचे, आणि त्यांत घासाघीस करू नये, असे आमचे सांगणे आहे. मात्र आठवड्याने गाडी परत दाखवा. नवे भाग जागी बसले की हेड किंचित सैल होते. तेव्हा अर्धा वळसा आवळण्याचेही कोणी वेगळे पैसे मागितले, तर खुशाल भांडा.