पत्र कोणासाठी लिहावयाचे?



कार्यालयातील पत्र बहुधा फाइलसाठी लिहिले जाते. वाचावे मात्र लागते अर्जदाराला. १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, भाषा संचालनालयाने पदनाम कोश सिद्ध केला. तरीही संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील एखाद्या विधवा भगिनीला ‘सदर प्रकरणी आवश्यक ती कागदपत्रे सादर करण्याविषयी कळविण्यात येते’ असे उत्तर मिळाले, तर तिने नेमके काय न्यावे? ‘पतीच्या मृत्यूचा व उत्पन्नाचा दाखला ३० तारखेपर्यंत तहसील कार्यालयात आणून द्यावा’ असे लिहिले, की तिचा एक हेलपाटा वाचतो आणि त्या दिवसाची मजुरीही. शब्दांचा जडपणा एकवेळ क्षम्य. ‘कळविण्यात येते’ या रचनेत कळविणाराच लपतो, हा दोष अधिक मोठा.

शब्दांत माणसाचा मानही असतो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचे नाव आले. कपाटातले जुने छापील नमुने मात्र सहजासहजी संपत नाहीत!

नवा मसुदा सहीला पाठविण्यापूर्वी बाहेर बाकावर बसलेल्या एखाद्या अर्जदाराला वाचावयास द्यावा. तो जेथे अडखळेल, तेथे वाक्य मोडावे.