उडून गेले, पण गेले कुठे?



आज आपण एका पातळ पदार्थाची माहिती करून घेऊ. त्याचे नाव हेक्झेन. नाव नवे वाटेल. पण त्याच्या मदतीने तयार झालेल्या वस्तू तुमच्या घरात आहेत. स्वयंपाकाचे तेल, गोठ्यातली पेंड, पायातली चप्पल, हातातला मोबाईल. या सगळ्यांच्या कामात हेक्झेन वापरतात.

आधी एक साधी गोष्ट बघू. मिठाचा खडा पाण्यात टाकला की विरघळतो. तेल मात्र पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते. हाताला ऑइलपेंट लागला तर पाण्याने निघत नाही. रॉकेल लावले की निघतो. म्हणजे ज्या पदार्थाला जो विरघळवणारा लागतो, तोच लागतो. अशा विरघळवणाऱ्या पातळ पदार्थाला द्रावक म्हणतात. हेक्झेन हे तेलाचे द्रावक आहे. ते जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलापासून मिळते. दिसायला पाण्यासारखे स्वच्छ, वास पेट्रोलसारखा.

आता ते कशाला लागते, ते पाहा. तिळात आणि भुईमुगाच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. घाण्यात घातले की तेल गळते. सोयाबीनचे तसे नाही. 100 किलो सोयाबीनमध्ये तेल असते 18 ते 20 किलो. नुसते दाबून काढायला गेले, तर त्यातले बरेचसे पेंडीतच अडकून राहते. म्हणून कारखान्यात दुसरी युक्ती करतात. सोयाबीन भरडतात, टरफल काढतात आणि दाण्याचे पोह्यांसारखे पातळ पापुद्रे करतात. त्यांच्यावर हेक्झेनची धार सोडतात. हेक्झेन पापुद्र्यात शिरते आणि तेल विरघळवून बाहेर आणते. मागे पेंडीत 100 किलोला एक किलोसुद्धा तेल उरत नाही. या पेंडीला बाजारात डी.ओ.सी. म्हणतात. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशातही जाते.

मग तेलातले हेक्झेन वेगळे कसे करतात? पाणी 100 अंशांवर उकळते. हेक्झेन 69 अंशांच्या आसपासच उकळते. तेल तापवले की हेक्झेनची वाफ होते, तेल खाली राहते. ती वाफ थंड नळ्यांतून नेली की पुन्हा पातळ होते. तेच हेक्झेन परत वापरायला मिळते.

इथे कोणी विचारील, "गुरुजी, मग आमच्या तेलात ते उरत असेल की!" प्रश्न बरोबर आहे. असे काढलेले तेल शुद्ध केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही. आपल्या देशाचा नियम असा, की शुद्ध केलेल्या तेलाच्या 10 लाख भागांत हेक्झेन 5 भागांपेक्षा जास्त उरता कामा नये. तेव्हा नियम पाळून तयार केलेल्या तेलाची भीती बाळगू नका. खरा धोका तेल खाणाऱ्याला नाही. तो आहे हेक्झेन हाताळणाऱ्याला आणि कारखान्याशेजारी राहणाऱ्याला.

हेक्झेनचा गुण म्हणजे ते झटकन उडून जाते. तोच त्याचा अवगुणही आहे. फडक्यावर ओतले तर थोड्याच वेळात फडके कोरडे होते. आपल्याला वाटते, संपले. पण उडून गेले म्हणजे नाहीसे झाले असे नाही. मग ते जाते कुठे? त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट खाली जाते. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते. ती वर न जाता जमिनीवरून सरपटते, खड्ड्यात आणि गटारात साठते. अमेरिकेत लुइव्हिल नावाचे शहर आहे. तिथल्या सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यातून हेक्झेन गटारात गेले. 13 फेब्रुवारी 1981 रोजी पहाटे रस्त्यावरून एक मोटार चालली होती. तिच्या ठिणगीने वाफ पेटली. जमिनीखालची गटारे फुटली आणि सुमारे 3 किलोमीटर रस्ते उखडले गेले. पहाटेची वेळ होती, म्हणून कोणी दगावले नाही. तीच वेळ बाजाराची असती तर काय झाले असते, याचा विचार करा.

दुसरी वाट माणसाच्या अंगात जाते. श्वासावाटे हेक्झेन रक्तात जाते. आपले यकृत, म्हणजे काळीज, त्याचे रूप बदलते. या नव्या रूपाचा पदार्थ मज्जातंतूंना, म्हणजे नसांना, विषासारखा असतो. सर्वांत लांब नसा पायांच्या आणि हातांच्या बोटांना जातात. त्या आधी बिघडतात. बोटांना मुंग्या येतात. पाय बधिर होतात. हातातली वस्तू सुटते. पुढे चालणेही कठीण होते.

जपानमध्ये असे घडले. तिथे बायामाणसे घरी बसून चपला चिकटवत. चिकटवायच्या रबरी डिंकात पूर्वी बेंझिन असे. त्याने अंगातले रक्त बनणे बिघडते. म्हणून 1959 साली बेंझिनच्या डिंकावर तिथे बंदी आली. त्याच्या जागी हेक्झेनचा डिंक आला. सर्वांना वाटले, संकट टळले. पण थोड्याच वर्षांत चपला करणाऱ्यांचे हातपाय लुळे पडू लागले. एकट्या मिए प्रांतात असे 90 पेक्षा जास्त रोगी डॉक्टरांनी तपासले.

हे जुने झाले म्हणाल, तर अलीकडचे सांगतो. चीनमध्ये सुचौ शहरातल्या एका कारखान्यात मोबाईलच्या काचा पुसायचे काम चाले. आधी काचा अल्कोहोलने पुसत. हेक्झेन लवकर वाळते, काम भराभर होते, म्हणून ते आणले. खोल्या बंद होत्या. वाफ बाहेर जायला वाट नव्हती. 2009 साली कामगार आजारी पडू लागले. त्यांची संख्या 137 झाली. कित्येकांना महिनोन् महिने दवाखान्यात काढावे लागले. काचा चकचकीत झाल्या, पण पुसणाऱ्यांचे हात बधिर झाले.

तिसरी वाट वर जाते. हेक्झेनची वाफ गाड्यांच्या धुरात मिसळते. त्यावर ऊन पडले की ओझोन नावाचा वायू तयार होतो. फार उंचावर हाच वायू आपले कडक किरणांपासून रक्षण करतो. पण जमिनीजवळ तो घातक. त्याने डोळे चुरचुरतात, छाती भरते. पिकांची पानेही करपतात. गहू आणि सोयाबीन या पिकांना त्याचा त्रास जास्त होतो. म्हणजे बघा, सोयाबीनचे तेल काढणारे द्रावक निष्काळजीपणे सोडले, तर ते फिरून सोयाबीनच्याच मुळावर येते.

मग दुसरे काही वापरता येणार नाही का? येते की. भुईमूग, करडई, तीळ यांना घाणा आहे. त्याला द्रावक लागत नाही. तेल थोडे कमी निघते, भाव जास्त पडतो. सोयाबीनसाठी शास्त्रज्ञांनी मिथाइलऑक्झोलेन नावाचे द्रावक पुढे आणले आहे. ते उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या रिकाम्या कणसांपासून करता येते. युरोपातील देशांच्या संघाने 2023 साली खाद्यतेल काढण्यासाठी त्याला परवानगी दिली. ते हेक्झेनपेक्षा महाग आहे आणि तेही पेट घेते. चपला चिकटवायला पाण्यात कालवलेला डिंक मिळतो. तो वाळायला वेळ लागतो. पुसण्याच्या कामाला हेप्टेन नावाचा भाऊबंद आहे. तो नसांना इतका बाधत नाही, पण जळतो तितकाच. जपानची गोष्ट विसरू नका. एक विष काढून दुसरे आणले, तर काय मिळवले? नवी वस्तू आली की, "हिचा अंगावर परिणाम काय?" हे आधी विचारले पाहिजे.

आता आपण काय करायचे, ते ऐका.

तुमच्यापैकी काहींची मुले-मुली कारखान्यात जातात. कोणी घरी चपला चिकटवतो, कोणी पंक्चर काढतो. त्यांच्या डब्यातले सोल्युशन बहुधा हेक्झेनचे किंवा त्याच्याच जातीचे असते.

असे काम बंद खोलीत करू नका. ओट्यावर, मोकळ्या वाऱ्यात करा. काम झाले की डब्याचे झाकण लगेच लावा.

जवळ चूल, दिवा, विडी नको.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बरं का! रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. कारखान्यात वाफ ओढून घेणारे पंखे मागा. ते मागणे हा तुमचा हक्क आहे.

उरलेला द्रव गटारात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. "वाऱ्याने झाले" म्हणून तेल चोळत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि कोणत्या कामावर आहात, ते आधी सांगा. जमले तर डब्यावरचे नाव लिहून न्या. लवकर काम सोडले तर नसा पुष्कळशा सुधारतात. पण हळूहळू सुधारतात. काही जणांचा त्रास काम सोडल्यावरही काही दिवस वाढतो. म्हणून घाबरू नका, पण उशीरही करू नका.

आणि शेवटचे. पूर्वी डब्यावर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याला विचारावे लागे. तो सांगेल ते खरे. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा कामावर नवा डबा आला, की त्यावरचे नाव वाचा. ज्वाळेचे चित्र असेल, तर तो पेट घेणारा आहे. माणसाच्या छातीवर चांदणी काढलेली असेल, तर तो अंगात शिरून बाधा करणारा आहे. अक्षरे इंग्रजीत असली, तर मराठीत सांगा म्हणून मालकाला विचारा. शेजारी काम करणाऱ्या मावशीला वाचता येत नसेल, तर तिलाही वाचून दाखवा.