नामदार गोखले आणि सरकारी गुपिते



शत्रूच्या हाती किल्ल्याचा नकाशा देणारा मनुष्य शिक्षेस पात्र आहे, याविषयी जगातल्या कोणत्याही राज्यात दुमत आढळणार नाही. बहिर्जी नाईकाचे नाव अभिमानाने घेणाऱ्या आपणा महाराष्ट्रीयांना तर गुप्त वार्तेचे मोल निराळे सांगावयास नको. पंचाईत सुरू होते ती पुढे. किल्ल्याचा नकाशा आणि कचेरीतील साधे टिपण ही दोन्ही एकाच रुमालात बांधून त्यावर 'गुप्त' असा शिक्का मारला, म्हणजे गुपित देशाचे की अधिकाऱ्याचे, हा प्रश्न उभा राहतो. हिंदुस्थानात तो प्रथम ऐरणीवर आला कलकत्त्यात, आणि तेथे तो ज्यांनी निर्भीडपणे मांडला त्यांत एक मराठी गृहस्थ अग्रभागी होते.

कलकत्त्याच्या बागबाजार भागातून 'अमृत बझार पत्रिका' निघत असे. १८७८ साली देशी भाषांतील पत्रांचा गळा आवळणारा कायदा येताच या पत्राने बंगाली वेष टाकून एकाएकी इंग्रजी वेष धारण केला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. या पत्रिकेने १८८९ च्या ऑक्टोबरात गिलगिट व काश्मीर यांविषयीचा परराष्ट्र खात्याचा एक गुप्त कागद छापला. काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांचे अधिकार त्याच वर्षी काढून घेण्यात आले होते. तेव्हा कागदाने केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करावी. व्हाइसरॉयच्या कचेरीतील केराच्या टोपलीतून फाटक्या पत्राचे तुकडे गोळा करून पत्रिकेच्या बातमीदाराने ते जुळविले, अशी एक चटकदार कथाही तिच्याविषयी सांगितली जाते. इंग्लंडच्या पार्लमेंटने सरकारी गुपितांचा कायदा त्याच ऑगस्टात केला होता. त्याची हिंदी आवृत्ती १७ ऑक्टोबर रोजी सिमल्यास मंजूर झाली, आणि त्या प्रसंगी लॉर्ड लॅन्सडाउन यांनी पत्रिकेच्या या कृत्याचा आवर्जून उल्लेख केला. कायद्याच्या जन्मकाळीच त्याच्या डोळ्यांसमोर हेराबरोबर संपादकही उभा होता, हे ध्यानात ठेवावे.

चौदा वर्षांनी लॉर्ड कर्झन यांना हा कायदा अपुरा वाटू लागला. कलकत्ता तेव्हा राजधानी होती आणि वरिष्ठ कायदेमंडळाच्या हिवाळी बैठकी तेथील गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे पुढे राजभवन म्हणून ओळखल्या गेलेल्या वास्तूत भरत. १८ डिसेंबर १९०३ रोजी दुरुस्तीचे विधेयक चर्चेस आले. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेलेच होते; मतांनी काही होणार नव्हते. मुंबई इलाख्यातून आलेले गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा सदतीस वर्षांचे होते. फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन त्यांनी नुकतेच सोडले होते. एके काळी 'सुधारका'ची इंग्रजी बाजू त्यांनी लिहिली होती, त्यामुळे छापखान्यातील शाईचा वास त्यांना परका नव्हता.

विधेयकात मेख कोठे होती? मूळ कायद्याचा रोख मुख्यतः लष्करी व आरमारी बाबींवर होता. दुरुस्तीने मुलकी बाबी त्यांच्या पंक्तीला आणून बसविल्या. शिवाय गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र करावयाचा, आणि आपणास परवानगी होती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकावयाचा! लष्करी रहस्ये उघड्यावर टाकावीत असे गोखल्यांचे म्हणणे नव्हतेच. मुलकी कारभाराला तोच पडदा कशासाठी, एवढेच ते विचारीत होते. ज्या देशात सरकार सर्वसमर्थ आहे आणि प्रजेला मताधिकार नाही, तेथे नोकरशाहीवर सतत पडणारा बाहेरचा दाब एकच, तो म्हणजे वृत्तपत्रांची टीका. आणि तीही दुबळी. ती दुबळी टीकाही बंद पाडली तर उरते काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. राजद्रोहाचे १२४-अ कलम पत्रांच्या डोक्यावर टांगलेले होतेच. इंग्रजांच्या मालकीच्या पत्रांनाही हे विधेयक रुचले नाही, याचाही त्यांनी उपयोग करून घेतला. निवड समितीने मसुद्याची धार थोडी बोथट केली. तथापि ४ मार्च १९०४ रोजी अखेरच्या वाचनाच्या वेळी गोखले पुन्हा विरोधासच उभे राहिले, आणि विधेयक अर्थातच मंजूर झाले.

हा वाद केवळ शब्दांचा होता असे ज्यांना वाटेल, त्यांनी त्याच काळातील बंगालकडे पाहावे. वंगभंगाची पहिली योजना सांगणारे रिस्ले यांचे पत्र ३ डिसेंबर १९०३ चे, म्हणजे वरील चर्चेच्या पंधरवडाभर आधीचे. ते प्रसिद्ध झाले आणि निषेधाच्या सभा सुरू झाल्या. मग योजना वाढविण्यात आली. परंतु तिचे वाढलेले रूप कचेरीच्या कपाटातच राहिले आणि लोकांसमोर आले ते एकदम १९०५ च्या जुलैत. १६ ऑक्टोबरला फाळणी अंमलात आलीसुद्धा. कोट्यवधी माणसांचा प्रांत चिरावयाचा, त्या कागदात तोफांची संख्या नव्हती की तटबंदीचा आराखडा नव्हता. मुलकी गुपित म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी आठवत नाही.

राजधानी दिल्लीस गेली, आणि १९२३ साली जुने कायदे मोडून आज चालू असलेला शासकीय गुपिते अधिनियम आला. त्याचे तिसरे कलम हेरगिरीचे. संरक्षणविषयक स्थळे व बाबी यांच्या संबंधात चौदा वर्षांपर्यंत कैद सांगणारे. कलकत्त्याच्या गार्डन रीचमध्ये आजही आरमारी जहाजे बांधली जातात. त्यांचे आराखडे विकणाऱ्याला हे कलम लागावे, यात अन्याय कोणता? पाचवे कलम मात्र फार ऐसपैस आहे. माहिती देणारा दोषी, तशीच ती जाणूनबुजून घेणाराही दोषी. आणि इतके करून, 'गुपित' या शब्दाची व्याख्या त्या अधिनियमात कोठेही दिलेली नाही! स्वतंत्र भारताने तो ठेवला, इतकेच नव्हे तर १९६७ साली अधिक कडक केला. परक्यांचे कुलूप आपल्या दाराला बरे बसते, असे आपल्या राज्यकर्त्यांना वाटले असावे.

बदल आला तो बाजूच्या वाटेने. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने असे ठरविले की, प्रकटनातील लोकहित हानीहून मोठे असेल तर १९२३ चा अधिनियम असूनही माहिती देता येईल. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन तो अधिनियमच रद्द करावा आणि खऱ्या सुरक्षाविषयक तरतुदी राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घालाव्यात, अशी शिफारस केली. ती अंमलात आली नाही. राफेल विमानांच्या खरेदीसंबंधीचे संरक्षण खात्याचे कागद एका वृत्तपत्राने छापले, तेव्हा सरकारने न्यायालयात याच अधिनियमाचा हवाला दिला. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला आणि ते कागद विचारात घेण्याचे ठरविले. खरेदीविषयीचे मूळ फेरविचार-अर्ज पुढे नोव्हेंबरात नामंजूर झाले, ही गोष्ट अलाहिदा.

'पत्रिका' १९९१ साली बंद पडली. अधिनियम चालू आहे. त्याच्या चौदाव्या कलमान्वये देशाच्या सुरक्षिततेस बाध येईल असे सरकारपक्षाने म्हटल्यास न्यायाधीशाला खटल्याच्या वेळी दालनाची दारे लोकांना बंद करता येतात. शिक्षा मात्र कोणत्याही परिस्थितीत ती दारे उघडूनच सुनावली पाहिजे, असेही तेच कलम सांगते.