दोन हरकती

श्रोतेहो, नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती तालुक्यातून पुढे इंदापूर तालुक्यात येतं. कालव्याच्या तोंडाशी ज्याची जमीन, त्याला पाणी आधी. शेवटाला ज्याची जमीन, त्याला ते शेवटी आणि एखाद्या उन्हाळ्यात मुळीच नाही. म्हणून 'टेलचा शेतकरी' म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पाळी कुणाची, किती तासांची, यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

पाण्यासारखीच मताचीही वाटणी होते. कोणतं गाव कोणत्या मतदारसंघात, कोणती गल्ली कोणत्या प्रभागात, हे नकाशावरच्या एका रेघेनं ठरतं. ती रेघ कुणी ओढली, कोणत्या हिशेबानं ओढली, हे विचारायला मात्र आपण फारसे जात नाही. आज मला त्या रेघेविषयी बोलायचं आहे.

२०२५ साली पुणे जिल्हा परिषदेच्या गटांची आणि पंचायत समित्यांच्या गणांची नव्यानं रचना झाली. जिल्ह्यात ७३ गट ठरले. त्यांत बारामती तालुक्याला सहा आणि इंदापूरला आठ. त्या दिवसांत एसटीत माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बारामती मोठी का इंदापूर मोठं? मग आम्हाला सहाच कसे? कुणीतरी कुठंतरी कळ फिरवलीय."

आता २०११ च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या वर होती आणि इंदापूरची पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे गृहस्थांचं म्हणणं आकड्यानं बरोबर होतं. पण जिल्हा परिषद ग्रामीण भागाची. बारामती शहरातली माणसं नगरपरिषदेला मत देतात, जिल्हा परिषदेला नाही. शहराची हद्द वाढली की तेवढी माणसं जिल्हा परिषदेच्या हिशेबातून वजा होतात. इंदापूर शहर लहान, त्यामुळे तिथली वजाबाकीही लहान. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं खरं असेल. पण तुम्ही इंदापूरचेच ना?"

मतदारसंघांच्या रचनेबद्दल आपलं लोकमत असं आहे. गणित बरोबर असलं तरी सांगणारा कोण, हे आधी पाहिलं जातं. मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. कारण सांगणाऱ्याकडे संशयानं का पाहावं, हे मला स्वतःवरूनच ठाऊक आहे. ती गोष्ट आज सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. या दोन तालुक्यांतल्या कोणत्याही गावात ती घडली असती.

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती. निवडणुकीआधी प्रभाग पाडतात. तहसील कचेरीत कच्चा नकाशा तयार होतो, तो चावडीवर लावतात, लोकांच्या हरकती मागवतात, प्रांतांसमोर सुनावणी होते आणि मग जिल्हाधिकारी अंतिम मान्यता देतात. नियमही चांगले आहेत. प्रत्येक प्रभागात सदस्यामागे लोकसंख्या साधारण सारखी हवी. ओढा, रस्ता, कालवा अशा दिसणाऱ्या खुणांवरून हद्द जावी. वस्ती शक्यतो फुटू नये.

त्या वर्षीच्या नकाशात रेघ मशिदीच्या बोळातून ओढ्याकडे गेली होती. आमचा मोहल्ला मधोमध चिरला गेला. निम्मी घरं दोन नंबरच्या प्रभागात, निम्मी तीनमध्ये. पूर्वीपासून मोहल्ल्यातला एक माणूस पंचायतीत असायचा. आता दोन्हीकडे आम्ही थोडे. संध्याकाळी मोहल्ल्यातले चाचा घरी आले. म्हणाले, "बेटा, तू शायर आहेस, बी.ए. झालायस. तुझी कलम आमच्या कामाला कधी येणार?"

मी रात्री बसून हरकत लिहिली. जीव ओतून लिहिली. मोहल्ला किती जुना, विहीर एक, कबरस्तान एक, सण एक, सुखदुःख एक. मग मतपेटी वेगळी का? मी नियमाचा आधार दिला, लोकसंख्येचा तक्ता जोडला. वाचून दाखवली तेव्हा चाचांनी माझा खांदा दाबला.

दुसऱ्या दिवशी माझा वर्गमित्र आला. तो ओढ्याकाठच्या मातंग वस्तीतला. सातवीत शाळा सुटली आणि तो बँडपथकात गेला. त्याची वस्ती दोन नंबरच्या प्रभागात होती. तो म्हणाला, "नव्या नकाशात आमची पंचवीस घरं आणि तुमचा निम्मा मोहल्ला एका जागी आलाय. दोघं थोडे थोडे आहोत, तर आमच्यातलंही कुणी पहिल्यांदा निवडून येईल. तुम्ही सगळे एकत्र आलात, तर आम्ही पुन्हा बुडालो. रेघ आहे तशी राहू द्या, असा अर्ज करायचाय. लिहून देतोस?"

आमच्या गावात अर्ज लिहून देणारा मीच. नाही म्हणता आलं नाही. मी त्याचाही अर्ज लिहिला.

श्रोतेहो, मी तो वाईट लिहिला. खोटं काही लिहिलं नाही. पण तक्ता जोडला नाही. नियमाचा आधार दिला नाही, तो मला पाठ असूनही. 'तरी कृपया विचार व्हावा' अशी चार पुळचट वाक्यं लिहिली. मित्रानं सही केली, माझ्या बायकोच्या हातचा चहा घेतला आणि आभार मानून गेला.

सुनावणीत साहेबांनी दोन्ही अर्ज मोठ्यानं वाचले. पहिला वाचताना खोली शांत झाली. दुसरा वाचताना कुणीतरी खोकलं. आमची हरकत मान्य झाली, मोहल्ला एकत्र राहिला. साहेबांचं काही चुकलं नाही. त्यांच्यासमोर जे आलं त्यावर त्यांनी निर्णय दिला. बाहेर पायऱ्यांवर मित्र भेटला. म्हणाला, "हरकत छान लिहिली होतीस." मग थोडं थांबून म्हणाला, "पहिली."

त्यानंतर त्यानं माझ्याकडून कधी अर्ज लिहून घेतला नाही.

पुढे २००६ सालचा सच्चर समितीचा अहवाल वाचताना मला एक नोंद दिसली. काही राज्यांत मुसलमानांची वस्ती मोठी असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आहेत आणि अनुसूचित जातींचं प्रमाण त्याहून जास्त असलेले काही मतदारसंघ खुले आहेत, असं तीत म्हटलं होतं. तक्रार वाजवी होती. माझी मान डोलली. आणि लगेच तो बँडवाला मित्र डोळ्यांपुढे आला. आपल्यावरचा अन्याय आपल्याला लगेच वाचता येतो. आपल्या हातून होणारा अन्याय वाचायला वेळ लागतो.

आता गावातून जरा मोठ्या नकाशाकडे येऊ. लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदारसंघ १९७६ मध्ये ठरले ते १९७१ च्या जनगणनेवर. त्याच वर्षी घटनादुरुस्तीनं जागांची संख्या गोठवली गेली, आणि २००४ च्या निवडणुकीपर्यंत आपण त्याच नकाशावर मतं दिली. आता आठवून पाहा. १९७१ साली जुनं पळसदेव भीमेच्या काठावर नांदत होतं. पुढे उजनी धरण झालं, १९८० च्या सुमारास ते पुरं झालं, आणि काठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं आणि आपण ते बघायला जातो. गाव पाण्याखाली गेलं, माणसं नव्या गावठाणात आली, पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी झाली, तरी हिशेब १९७१ चाच होता. इंग्लंडात डनविच नावाचं बंदर शतकानुशतकं समुद्रानं गिळलं, तरी ते १८३२ पर्यंत पार्लमेंटात दोन सभासद पाठवत होतं. आपण त्यांना हसायला नको.

२००२ च्या कायद्यानं न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांचा आयोग आला. त्यानं २००१ ची जनगणना धरून नवा नकाशा केला, तो २००८ मध्ये लागू झाला. खेड लोकसभा मतदारसंघ गेला, मावळ आणि शिरूर नवे आले. बारामती लोकसभेत दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ आले. या आयोगाबरोबर प्रत्येक राज्यातले जास्तीत जास्त पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून होते. त्यांना बोलण्याचा अधिकार होता, निर्णयात मत देण्याचा नव्हता. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याची जागा पणाला आहे त्यानं जरूर बोलावं, पण लेखणी त्याच्या हाती नसावी.

अमेरिकेत १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या नकाशावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या आकाराचा होता. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून त्या लबाडीचं नाव 'जेरीमँडर' पडलं, ते अजून चालू आहे. आपल्याकडे २०२२ साली विधिमंडळानं कायदा करून स्थानिक निवडणुकांच्या प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतले. त्याच वर्षी सरकार बदललं आणि सदस्यसंख्येचा आधीचा निर्णय फिरवला गेला. कोणाचं बरोबर, यात मी पडत नाही. पण अशानं एसटीतल्या त्या गृहस्थांचा संशय घट्ट होतो, एवढं मात्र खरं.

आता आपल्या घरचा प्रश्न. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी खडकवासला विधानसभा मतदारसंघात पाच लाखांवर मतदार होते आणि इंदापुरात सव्वातीन लाखांच्या आसपास. आमदार दोघांनाही एकच. म्हणजे विधानसभेला इंदापूरकराचं एक मत खडकवासलेकराच्या दीड मतांहूनही अधिक वजनदार. बारामतीच्या मोरोपंतांनी जन्मभर मात्रा मोजून आर्या लिहिल्या. आर्येत एक मात्रा कमी पडली तर जाणत्याच्या कानाला लगेच कळतं. मताची मात्रा कमी पडते तेव्हा कुणाच्याच कानाला कळत नाही, निदान ज्याची जास्त आहे त्याच्या तर नाहीच.

हिशेब नुसत्या डोक्यांवर केला, तर पुढच्या पुनर्रचनेत जागा शहराकडे सरकणार. मग आमच्याकडचे लोक विचारतात, कालव्याच्या शेवटाला पाणी येत नाही, हे विधानसभेत कोण बोलणार? सोसायटीत नळाचं पाणी पिणारा बोलेल? हा प्रश्न खोटा नाही. दक्षिणेकडची राज्यंही असंच विचारतात: आम्ही लोकसंख्या आवरली, त्याची शिक्षा म्हणून आमच्या जागा कमी का? २०२५ च्या मार्चमध्ये त्यासाठी चेन्नईत काही राज्यांचे नेते जमले होते. पण खडकवासल्याच्या भाड्याच्या खोलीत राहणारा माणूसही आपलाच असतो. दुष्काळाच्या सालात इंदापूरहून पुण्याला गेलेला, आपलाच कुणी मावसभाऊ. त्याचं मत हलकं का, याला माझ्याकडे उत्तर नाही. एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखंच मोल, हे तत्त्व आपण राज्यघटनेबरोबर स्वीकारलं. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्याची आठवण दिली होती. इंदापूरकर म्हणून मला ते गैरसोयीचं आहे. म्हणून ते चुकीचं ठरत नाही.

मग लोकांनी मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, रेघ ओढणारा हात निवडणूक लढवणाऱ्याच्या प्रभावाखालचा नसावा. दोन, सुनावणी जवळच्या मोठ्या गावात व्हावी आणि तोंडी सांगितलेली हरकतही लिहून घेतली जावी. ज्याला लिहिता येतं त्याचीच हरकत भारदस्त ठरते, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. तीन, हरकत फेटाळली तर का फेटाळली, हे दोन ओळींत त्या माणसाला कळवावं. माणूस हरला तरी चालतं. आपलं कुणी ऐकलंच नाही, हे त्याला सहन होत नाही.

आणि एक काम आपलं स्वतःचं. चावडीवर नवा नकाशा लागला की आपण आधी आपलं गाव शोधतो, मग आपली गल्ली शोधतो आणि घरी येतो. पुढच्या वेळी पाच मिनिटं जास्त थांबा. शेजारची वस्ती कुठं गेली आहे, तेही शोधा. तिथल्या कुणाला अर्ज लिहून हवा असेल, तर तो मनापासून लिहून द्या.

माझा मित्र अजून लग्नसराईत बँड वाजवतो. परवा इंदापूरच्या बाजारात भेटला. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी प्रभाग पडतील तेव्हा ये, लिहून देईन. तो हसला. म्हणाला, "माझी नात नववीत आहे. ती लिहिते."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)